उजवी की डावी

पावणाईच्या दोन्ही खांद्यांवर फुलाचा एकेक ओला कळा चिकटवून धाकू गुरव मागे सरला आणि हात जोडून उभा राहिला. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. उजवा कळा आधी पडला तर मी गाव सोडून गुजरातेत नोकरीला जायचं. डावा आधी पडला तर किरमळ्यातच राहायचं. मामला एवढाच.

देवी काही बोलेना.

ह्याला आमच्याकडे कौल लावणं म्हणतात. लग्न ठरवायचं असो, विहीर खणायची असो, हरवलेली म्हैस शोधायची असो की सख्ख्या भावावर दावा लावायचा असो, आधी पावणाईला विचारायचं. आणि आमची पावणाई म्हणजे रोखठोक बाई. धाकूनं गाऱ्हाणं घालावं, लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हणावं, आणि त्यातला शेवटचा 'जा' हवेत विरायच्या आत कळा टपकन खाली. शेजारच्या गावांचे देव दोन दोन दिवस विचार करत बसायचे. एकदा पलीकडच्या वाडीतला एक इसम आपल्या देवाला कौल लावून बसला, कंटाळला, डोंगर उतरून आमच्याकडे आला, पावणाईला तोच प्रश्न विचारला, उत्तर घेतलं, मेहुण्याकडे तिरफळं घातलेलं बांगड्याचं कालवण जेवला, घटकाभर लवंडला आणि परत गेला, तर त्याच्या देवाचे कळे अजून जागच्या जागी. म्हणजे बघा.

त्या दिवशीही धाकूनं सकाळीच, रीतीप्रमाणे, खणखणीत गाऱ्हाणं घातलं होतं.

"बा पावणाई म्हाराजा, ह्यो तुझो वासू, तळेकरांचो लेक, आज तुझ्या दारात उभो आसा. परमुलखात त्येका काम गावलेला आसा. तुका बरा दिसत असात तर उजवी दी, पोटाशी ठेवचो असात तर डावी दी. पण काय तां सरळ सांग, पोराक लटकत ठेवू नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा सभामंडप म्हणाला.

आणि पावणाईनं मला नेमकं लटकत ठेवलं.

आता नोकरीचं सांगतो. भातं कापून झाली होती, वाटा सुकल्या होत्या. पारेख नावाचे एक इंजिनियर साहेब रत्नागिरीकडून गोव्याला निघालेले, त्यांची जीप आमच्या घाटीत बसली. इंजिनातला पाण्याचा पाइप फुटला होता. जवळपास गॅरेज म्हणजे थेट कणकवलीला. मी त्या पाइपाला भेंडीच्या सालीचा वाख गुंडाळला आणि वरून फणसाचा चीक फासला. साहेब हसले. मी म्हटलं, हसा, पण गोव्याला पोचल्यावर हसा. जीप गोव्याला पोचली, तिथून परत आली, आणि तिच्या धुराला म्हणे वाटेत सगळीकडे पिकलेल्या फणसाचा वास येत होता. एका गावात तर माकडं जीपच्या मागे लागली. ते काही असो, साहेब परतताना मुद्दाम आमच्या गावात थांबले. गुजरातेत खाडीच्या काठी एक नवी फॅक्टरी उभी राहात होती, तिथल्या यंत्रांच्या दुरुस्तीचं खातं त्यांच्याकडे. म्हणाले, ये. सोमवारी हजर हो, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. राहायला खोली वर्षभरानं, तोवर बायकोला गावीच ठेव. तिथं एकेक यंत्र आमच्या देवळाएवढं आहे, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून माझ्या कानात घरघर सुरू झाली ती काही केल्या थांबेना.

सकाळी उठलो की जायचं ठरवायचो. संध्याकाळी दिवा लागला की राहायचं. मधल्या वेळात पायाला भिंगरी. जेवायला बसलो की उठायचो, झोपाळ्यावर बसलो की उतरायचो. येसू, म्हणजे माझी बायको, पहिले काही दिवस नुसती बघत होती. मग एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "सकाळी एक, सांजेक दुसरा. तुमच्यापरीस गिरणीचा इंजिन बरा. एकदा चालू झाला काय चालू रवता."

तुला काय वाटतं, असं मी तिला विचारलं. तर म्हणाली, माका विचारू नका. मी काय तरी सांगतलंय, आणि मगे जल्मभर तुमी खापर माझ्या कपाळावर फोडतलात. बाई मोठी हुशार. लग्नाला तीनच वर्षं झाली होती, पण माझी तिला पुरती पारख झाली होती.

खरी अडचण होती आबांची. आई मी रांगत असतानाच गेली. आबांनी दुसरं लग्न केलं नाही, मला पाठीवर बांधून नांगर धरला. गावात ते देवीचे मानकरी. पालखीला पहिला खांदा त्यांचा, शिमग्याला पहिला नारळ त्यांचा. आमच्याबरोबर परमुलखात येणं त्यांना शक्यच नव्हतं, मानकऱ्यानं गावची वेस सोडली तर पालखी उठत नाही. म्हणजे मी गेलो आणि वर्षानं येसूही आली, की त्या घरात आबा आणि एक बोका. बोकाही आमचाच, पण तो शेजारच्यांकडे जेवायचा.

आबा मला रागावतील, अडवतील, असं मी धरून चाललो होतो. मग भांडायला तरी बरं पडलं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चिलीम झटकली आणि म्हणाले, "पावणाईक विचारूया. ती सांगात तां तुका मान्य, आणि माका पण."

झालं. म्हणून तर हा कौल.

ऊन सभामंडपाच्या पायऱ्या चढून आत आलं तरी कळे हलेनात. एक पाल डाव्या कळ्याच्या अगदी जवळून गेली. धाकूनं 'पाल, पाल' म्हटल्याबरोबर मागच्यांनी माना लांब केल्या. पाल थांबली, कळ्याकडे बघितलं, आणि जशी आली तशी निघून गेली. एक म्हातारा म्हणाला, देवीनं पालीलासुद्धा सांगितलं, तू मधे पडू नको.

कौल लागेपर्यंत ज्यानं विचारलं त्यानं जेवायचं नाही, ही रीत. गाऱ्हाणं घालणाऱ्या गुरवानंही नाही आणि मानकऱ्यानंही नाही. बाकीच्यांना मुभा होती, पण उठून गेलं आणि नेमका तेव्हाच कळा पडला तर, म्हणून कोणी जाईना. बायका मात्र चिडल्या. कारण मी देवळात अडकलो होतो, आणि मी अडकलो म्हणजे गिरणी बंद.

गिरणीचंही सांगायला हवं. गावची भातगिरणी देवस्थानची. देवळाच्या मागच्या भिंतीला लागून जुनी धर्मशाळा होती, तिच्यात ती बसवलेली. उत्पन्न दिवाबत्तीला. इंजिन एका बुडालेल्या आगबोटीतून काढलेलं, निदान मी तरी सगळ्यांना तसंच सांगायचो. समुद्राचं पाणी प्यायलेलं असल्यामुळे त्याचा स्वभाव खारट होता. हँडल मारून चाक फिरवायचं, पण नेमकी वेळ साधून एक दांडी सोडायची, नाहीतर हँडल उलटं यायचं. मालवणहून एक मिस्त्री ऐटीत आला होता. हँडल असं उलटं आलं की तो खिडकीतून बाहेर, थेट फणसावर. खाली उतरला तेव्हा त्याच्या काखेत एक फणस होता. त्यानंतर माझ्याखेरीज त्या हँडलाला कोणी हात लावला नाही. दिवस उगवला की इंजिन चालू, मावळला की बंद, अशी माझी सात वर्षं गेली होती. मी गेलो तर गाव भात कुटत बसेल, असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकायला मला आवडायचं, हे कशाला लपवा.

त्या दिवशी उकड्या भाताचा घाणा होता. उकडलेलं भात वाळवून वेळेत गिरणीत घालावं लागतं, ऊन जास्त लागलं की त्याची कणी होते. बायका टोपल्या घेऊन गिरणीच्या दारात ताटकळत बसल्या होत्या. त्यांच्यातली एक, घाड्यांची म्हातारी, थेट सभामंडपाच्या पायरीशी आली आणि मला म्हणाली, "वासू, जातंस तर जा, रवतंस तर रव. पण आधी माझा भात काढून दी."

मी तिला सांगितलं की कौल लागेपर्यंत मला काम करता येत नाही. ती म्हणाली, मग देवीला सांग, भाताला ऊन लागतंय. आणि गेली.

माझ्यानं बसवेना. तळ्यावर तोंड धुऊन येतो म्हणून उठलो. तेवढ्याला परवानगी असते. तळ्याच्या पायरीवर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. पाण्यात एक खडा टाकला आणि मनाशी म्हटलं, बेडूक उजवीकडून उडाला तर जायचं. बेडूक दोन्हीकडून उडाले. तेवढ्यात धाकू आला. हा धाकू म्हणजे साठीचा, वाळक्या सुपारीसारखा माणूस, पण त्या दिवशी त्याचं तोंड मला माझ्याहून उतरलेलं दिसलं. तो शेजारी बसला, ओंजळभर पाणी डोक्यावर मारलं आणि म्हणाला, "वासू, माझ्या हातान काय चुकला काय रे?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक, देवीला हात तुम्ही लावता.

तो सांगू लागला. कळे नेहमीच्याच फुलाचे. पाणी नेहमीएवढंच. गाऱ्हाण्यात एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्याच्या बापाच्या वेळी कौलाला अर्धा अर्धा दिवस लागायचा, कधी रात्र पडायची. धाकूनं गुरवकी घेतली आणि काही वर्षांत देवी बोलकी झाली. लांबलांबच्या गावांहून लोक येऊ लागले. धाकूच्या गळ्यात काहीतरी आहे, असं म्हणू लागले. आता आज सगळ्या गावादेखत ती मुकी झाली होती. "गळो गेलो माझो," तो म्हणाला आणि खरोखरच खाकरून बघितलं.

मग एकदम माझ्याकडे वळला. "खरा सांग. तुका जावचा आसा काय नाय?"

मी त्याला म्हटलं, माणसाच्या पोटात भूक असली की त्याला काही ठरवता येत नाही. एकदा एक वाघ उपाशीपोटी शिकारीला निघाला, तर डावीकडची गाय धरू की उजवीकडची, ह्या विचारात तो रानाच्या मधोमध उभा राहून वाळून गेला. आमच्या आजोबांनी तो पाहिला होता.

"माका वाघ सांगू नको," धाकू म्हणाला. "तुका काय व्हया तां सांग."

तेच तर मला ठाऊक नव्हतं. पारेख साहेबांनी सांगितलेली देवळाएवढी यंत्रं आठवली की माझे तळहात खाजायला लागत. आबा एकटे चूल फुंकताना डोळ्यांपुढे आले की तेच हात गार पडत. दोन्ही खरं होतं, आणि मी एकच होतो. मी उठलो. धाकूही उठला.

परत आलो तेव्हा आबा होते तिथेच होते, गाभाऱ्याच्या उंबरठ्याबाहेर, मानकऱ्याच्या जागेवर, मांडी घालून. पाठ ताठ. सकाळपासून ते हलले नव्हते. मी त्यांच्या शेजारी, कौल मागणाऱ्याच्या जागेवर बसलो. आमच्यामागे खांबांची रांग आणि तिच्यामागे लोक, त्यामुळे त्यांना आमच्या फक्त पाठी दिसत. देवी तिथून दिसायची ती आम्हा दोघांना आणि उंबरठ्याच्या आत उभ्या धाकूला.

एक गोष्ट इथंच सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गुरवाखेरीज पावणाईला कोणी शिवायचं नाही. एकदा दसऱ्याच्या गर्दीत एका मानकऱ्याच्या जावयाचा हात चुकून मूर्तीला लागला, तर देऊळ तीनदा धुतलं, गावानं उपास केला आणि जावयानं गावजेवण घातलं. ह्या बाबतीत आबांइतका कडक माणूस दुसरा नाही. एका वादळात गाभाऱ्यावरचे नळे उडाले आणि देवीवर पाणी गळायला लागलं. धाकू सासुरवाडीला गेलेला. आत जाऊन देवीवर घोंगडी टाकायची तर मूर्तीला हात लागणार. तेव्हा आबांनी एका लांब बांबूला छत्री बांधली आणि उंबरठ्याबाहेर बसून ती आत देवीच्या डोक्यावर धरली. धाकू परत येईपर्यंत. लोक सांगतात एक रात्र, मी सांगतो दोन. देवीच्या अंगावर थेंब पडला नाही, आणि आबांचे खांदे पुढे महिनाभर खाली येईनात, जेवताना घास वरून सोडावा लागे.

आम्ही बसून होतो. मागे कोणी जांभया देत होतं, कोणी पान लावत होतं. आबा देवीकडे बघत होते आणि मी समईकडे. माझा एक पाय आपोआप हलत होता. आबांनी हात लांबवून तो गुडघ्यावर दाबून धरला, लहानपणी पंक्तीत बसवताना धरायचे तसा. हात काढला की पाय पुन्हा सुरू.

आणि तेवढ्यात मागच्या भिंतीपलीकडून आवाज आला. भक्.

मग काही नाही. मग पुन्हा, भक्. भक्. भक्भक्भक्भक्.

गिरणी चालू झाली होती.

सगळा सभामंडप माझ्याकडे बघायला लागला. मी तर इथे. मग तिथे कोण? एकजण म्हणाला, देवी कंटाळून भात काढायला गेली वाटतं. कोणी हसलं नाही. मालवणच्या मिस्त्रीचा फणस सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे होता. मला कसं वाटलं म्हणाल, आपली गाय दुसऱ्याच्या हाताला दूध देताना बघावी, तसं काहीतरी.

घाड्यांची म्हातारी पदर सावरत पायरीशी आली. तिच्या केसांवर भाताचा कोंडा पडायला सुरुवात झाली होती. "येसून चालू केल्यान," ती म्हणाली. "एका हँडलात. तीन वर्षां भाकरी घेवन येय तेव्हा बघीत होती म्हणता. आणि तुका निरोप दिल्यान. गिरणीची काळजी करू नका म्हणान."

मी आबांकडे बघितलं. आबा समईकडे बघत होते.

समईची ज्योत थरथरत होती. वारा नव्हता. वर टांगलेली घंटा, कोणी हात न लावता, डास गुणगुणावा तशी बारीक गुणगुणत होती. माझ्या मांडीखालच्या चिऱ्यातून ती थरथर माझ्या अंगात चढली. सात वर्षं मी त्या इंजिनाशेजारी उभा होतो, पण भिंतीच्या ह्या बाजूला ते चालू असताना मी कधी बसलोच नव्हतो.

आणि देवीच्या खांद्यांवरचे कळे नाचत होते.

धाकूचं तोंड उघडं पडलं. त्यानं भिंतीकडे बघितलं, मग कळ्यांकडे, मग माझ्याकडे. आम्हा दोघांनाही एकदमच उमगलं. त्याच्या बापाच्या वेळी गिरणी नव्हती. आणि इतक्या वर्षांत इंजिन बंद असताना, दिवसाउजेडी, ह्या देवळात लागलेला हा पहिलाच कौल होता, कारण इंजिन चालवणारा माणूसच कौल मागायला बसला होता. पंचक्रोशीतली लग्नं, विहिरी, दावे, म्हशी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून सरसर गेलं. माझंही लग्न त्यात होतं, तो कौल आबांनी मागितला होता. धाकूनं हळूच गळ्याला हात लावला.

पण हसायला वेळ नव्हता. डावा कळा सुटला होता.

तो आधी वरून सुटला, मग अर्धा वळला, आणि देवीच्या खांद्यावरून इंचाइंचानं खाली घसरायला लागला. उजवा अजून घट्ट होता. डावी. म्हणजे राहायचं. आबांजवळ राहायचं, गिरणीत राहायचं, देवीनंच सांगितलं, आता कोणी काही बोलायचं नाही. सुटलो म्हणायला हवं होतं मी.

माझ्या तोंडून 'नको' असं गेलं. मोठ्यानं नाही. श्वास सोडावा तसं.

आबांनी मान वळवली. ते देवीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. किती वेळ ते मला सांगता यायचं नाही. मी एरवी कुठल्याही गोष्टीत मनाचे आकडे घालतो, इथे घालवत नाही. एवढं आठवतं की माझा पाय हलायचा थांबला होता.

मग ते उठले. धोतराला उजव्या हाताचा अंगठा पुसला. उंबरठा ओलांडला, उजवं पाऊल आधी टाकून, जसं देवळात टाकायचं तसं. धाकूच्या अंगावरून पुढे गेले आणि देवीच्या खांद्यावर, घसरत्या डाव्या कळ्यावर, अंगठा दाबून धरला.

धाकूनं डोळे मिटून घेतले.

इंजिन भक्भक् करत होतं. मागे लोकांना आबांची पाठ दिसत होती, आणि मानकरी पुढे होऊन देवीला विनवतोय, असंच त्यांना वाटलं असणार. मला मात्र त्यांचा अंगठा दिसत होता. नखात माती, कडेला नांगराचा जुना घट्टा. तो जरासुद्धा हलत नव्हता. डोळे उघडे होते, देवीच्या डोळ्यांपासून वितीवर. आपण काय करतोय हे त्या माणसाइतकं गावात कोणालाच कळत नव्हतं, आणि तो ते करत होता, आणि उजव्या कळ्याची वाट बघत होता.

उजवा कळा हलला. जागच्या जागी थरथरला. मग एका कडेवर उभा राहिला, कलला आणि खाली तांब्याच्या ताम्हणात पडला.

तेव्हा आबांनी अंगठा काढला. डावा कळा अंगठ्यालाच चिकटून आला. त्यांनी मूठ मिटली आणि मागे येऊन आपल्या जागेवर बसले.

"उजवी," धाकू म्हणाला. त्याचा आवाज चिरकला, म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं, "उजवी दिल्यान म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मागून गाव गरजलं, आणि सगळे एकदम जेवायला पळाले.

प्रसाद देताना धाकू माझ्या कानाशी वाकला. म्हणाला, मी काय बघूक नाय, माझे डोळे मिटलेले. आणि मग, जरा वेळानं, अगदी हलक्या आवाजात विचारलं, येसू नक्की वर्षभर गिरणी चालवील ना? आणि मग जायच्या आधी कोणाला तरी शिकवील ना? मी म्हटलं, चालवील. त्याच्या जिवात जीव आला.

घरी आलो. येसूनं हातपाय धुतले होते, पण कानामागे कोंडा राहिला होता. तिनं उकड्या तांदळाची पेज वाढली. मी जेवलो. आबांनी पान बाजूला सारलं. कौल लागला, आता उपास सोडा, असं येसू म्हणाली. ते म्हणाले, आज इच्छा नाही. दुसऱ्या दिवशीही त्यांनी काही खाल्लं नाही, आणि पुढे जन्मभर दर शुक्रवारी खाल्लं नाही. का, ते कोणाला कधी सांगितलं नाही. शुक्रवारी तर तो कौल लागला होता.

रविवारी सकाळी एस.टी. होती. माझी ट्रंक आबांनीच डोक्यावर घेतली, मला हात लावू दिला नाही. येसू देवळापर्यंत आली आणि तिथून वळली, तिला गिरणी उघडायची होती. थांब्यावर आम्ही दोघंच. आबा रस्त्याकडे बघत होते. मी आयुष्यभर इतक्या गोष्टी रचल्या, पण त्या वेळी त्यांच्याशी बोलायला मला एक वाक्य सापडेना. खाली घाटीत गाडीचा आवाज आला तेव्हा कुठे मी विचारलं, "आबा, देवीच्या खांद्यावर तुम्ही बोट का ठेवलंत?"

ज्या माणसानं जन्मात कधी खोटं सांगितलं नव्हतं, भात किती झालं तेही शेवटच्या पायलीपर्यंत बरोबर सांगायचा, तो माणूस समोरच्या आंब्याकडे बघत म्हणाला, "मुंगी होती रे."

"मुंगी?"

"देवीच्या खांद्यार चढलेली." गाडी वळणावर दिसायला लागली. त्यांनी वाकून ट्रंक उचलली, टपावर चढवायला कंडक्टरच्या हातात दिली, आणि माझ्याकडे न बघताच पुढे सांगितलं, "लाल मुंगी. चावली असती तिका."